कूलरलाही निचरा लागतो

मार्च सरला की कळंबच्या घराघरांतून माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. आपला इंदापूर-बारामतीचा भाग पर्जन्यछायेतला. एप्रिल-मे महिन्यांत हवा इतकी कोरडी होते की दोरीवरचे कपडे बघता बघता वाळतात. अशा हवेत कूलर एसीपेक्षा स्वस्त पडतो आणि कामही चोख करतो. आमच्या घरी अम्मींना दम्याचा त्रास आहे, दुपारची झळ त्यांना सोसत नाही. म्हणून कूलर ही आमच्याकडे चैन नाही, गरज आहे.

दोन वर्षांपूर्वी ऐन एप्रिलमध्ये आमचा कूलर गरम वारा फेकू लागला. उघडून पाहिले तर पॅडवर पांढरा थर, चुन्यासारखा कडक. दुरुस्तीवाल्याने सांगितले, "तिन्ही पॅड बदला." खर्च हजाराच्या वर आणि महिनाअखेर. मुलांच्या वह्या-गणवेशासाठी बाजूला काढलेले पैसे मोडायचे का, यावर घरात बराच खल झाला.

तेव्हा अब्बा म्हणाले, "कालव्याखालची रानं पांढरी कशानं पडली? पाणी उडून गेलं, क्षार मागं राहिला. हे तेच आहे."

नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात क्षारपड जमीन कुणाला नवी नाही. कूलरमध्येही तेच घडते. बोअरच्या जड पाण्याची वाफ होते, क्षार टाकीत आणि पॅडमध्ये साठतो. आपण वरून तेच जड पाणी ओतत राहतो. छिद्रे बुजतात, वारा अडतो, गारवा संपतो. पॅड जुने होण्याआधीच क्षाराने गुदमरते.

मग आम्ही पॅड धुवायला घेतली. आमची पॅड मधमाशीच्या पोळ्यासारख्या जाड कागदाची होती. आधी प्लग काढला. नुसते बटण बंद करून भागत नाही. पाच लिटर पाण्यात किराणा दुकानातले शंभर ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवले आणि पॅड त्यात अर्धा तास बुडवली. लिंबूसत्त्व नसेल तर पांढरे व्हिनेगर आणि तितकेच पाणी चालते. क्षार फसफसून सुटतो. नंतर मऊ ब्रश हलक्या हाताने फिरवून, नळीने मंद धारेने साध्या पाण्यात दोन-तीनदा धुतली. तारेची घासणी लावू नये, कागद फाटतो. रात्रभर भिजतही ठेवू नये, चिकटवलेले थर सुटतात. लिंबूसत्त्व किंवा व्हिनेगरमध्ये ब्लीच तर कधीच मिसळू नये; त्यातून विषारी वायू निघतो. पन्नास रुपयांच्या आत काम झाले आणि त्याच दुपारी गार वारा आला.

लाकडाच्या भुशाच्या जाळीला मात्र हा उपाय चालत नाही. ती दबते, कुजते. स्वस्त असते, दर उन्हाळ्यात बदलावी. वाळ्याची ताटी साध्या पाण्याने धुऊन नीट वाळवली तर पुन्हा वापरता येते.

इथपर्यंत सगळे छान. पण पुढच्या वर्षी आम्ही चूक केली. पावसाळ्यात घाईघाईने ओलसर पॅड तशीच प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर टाकली होती. उन्हाळ्यात काढली तर कुबट वास आणि कडेला काळे ठिपके. "धुतली की जाईल," म्हणून धुतली आणि बसवली. चौथ्या रात्री अम्मींचा खोकला थांबेना. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कूलर कधी साफ केलात?" आम्ही मान खाली घातली. बुरशी कागदाच्या आत शिरली होती आणि पंखा ती थेट अम्मींच्या पलंगाकडे फेकत होता. जे हजार रुपये वाचवले, त्याहून जास्त औषधांत गेले. अम्मींनी सोसले ते वेगळेच.

तेव्हापासून घरात नियम केला: पांढरा थर असेल तर धुवायचे, काळे-हिरवे ठिपके किंवा कुबट वास असेल तर टाकायचे. कडा लिबलिबीत होऊन पॅड खाली बसले असेल तरीही टाकायचे. वास मारायला पाण्यात अत्तर किंवा फिनेल घालायचे नाही. दमेकऱ्याला त्याचाही त्रास होतो. बाळाच्या खोलीत हवेला ओलावा देणारे यंत्र असेल, तर त्याच्या वातीलाही हाच नियम लावावा.

खरी बचत मात्र धुण्यात नाही, निचऱ्यात आहे. दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी आम्ही टाकीतले पाणी पूर्ण काढतो, कडा घासतो, कूलर उन्हात कोरडा करतो. त्याने क्षार साठत नाही आणि डेंग्यूचा डासही वाढत नाही. एडिस डासाची अंडी टाकीच्या कडेला चिकटून कोरडी असतानाही महिनोन्महिने टिकतात, आणि पाणी मिळाले की आठ-दहा दिवसांत डास उडतो. म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही, घासावेच लागते. काढलेले पाणी अंगण धुवायला वापरावे. कुंड्यांना घालू नये, मातीत क्षार जातो.

जूनमध्ये हवा दमट झाली की कूलरचा उपयोग उरत नाही. तेव्हाच पॅड धुऊन, दोन-तीन दिवस खडखडीत वाळवून, जुन्या सुती चादरीत गुंडाळून ठेवावीत. यंदा आम्ही तशीच ठेवली होती. मार्चमध्ये चादर सोडली आणि आधी अम्मींच्याच हातात दिली. त्यांनी वास घेतला, म्हणाल्या, "बसवा."