धर्मापुरीचे दगड बोलतात, दप्तर कोण बोलते करणार?

१. बीड जिल्ह्याच्या पूर्वेस, अंबाजोगाई-परळीच्या परिसरात धर्मापुरी हे गाव आहे. तेथील केदारेश्वर मंदिराच्या भिंतींवरील देवता आणि सुरसुंदरी यांची छायाचित्रे इतिहासप्रेमी तरुण आवडीने पाहतात. मात्र दीडशे वर्षांपूर्वी या गावात कोणकोणती घराणी नांदत होती, हे त्या छायाचित्रांतून कळत नाही. ते उत्तर कागदात आहे, आणि कागद दगडापेक्षा लवकर मरतो. हा धागा त्या कागदाविषयी आहे.

२. आधी दगड. केदारेश्वर हे कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातील मंदिर. त्यास सर्रास ‘हेमाडपंती’ म्हटले जाते, ते बरोबर नाही. हेमाद्री हा तेराव्या शतकात महादेव आणि रामचंद्र या यादव राजांच्या पदरी होता. चालुक्यांची सत्ता त्याच्या कितीतरी आधी मावळली होती. एका सोयीच्या शब्दाने गावाच्या इतिहासातील शतकभराचा काळ पुसला जातो, तो असा.

३. गावातील भुईकोट किल्ल्याच्या तटबंदीत जुन्या मंदिरांचे कोरीव दगड बसवलेले दिसतात. एका राजवटीचे वैभव दुसऱ्या राजवटीच्या भिंतीत चिणले गेले. याकडे केवळ संतापाने किंवा केवळ कौतुकाने पाहणारा फसतो. तो तट हाच एक दस्तऐवज आहे: येथे सत्ता बदलली, गरजा बदलल्या आणि माणसांनी हाताशी होते ते वापरले.

४. भूमीही काही सांगते. बालाघाटचे पठार, खाली बेसॉल्ट, वर कुठे खोल काळी माती तर कुठे नुसता मुरूम, आणि बेभरवशाचा पाऊस. मांजरा याच डोंगररांगेत उगम पावून पुढे गोदावरीस मिळते. जिथे माती खोल, तिथे घराणी पिढ्यानपिढ्या टिकली. जिथे मुरूम, तिथली माणसे पोटासाठी बाहेर पडली. आजही बीडमधील ऊसतोड मजूर दरवर्षी कित्येक महिने गावाबाहेर असतात. या जिल्ह्याची वंशावळ आखताना ही ये-जा विसरता येत नाही.

५. आता कागद. चालुक्य, यादव, बहमनी, अहमदनगरची निजामशाही, मुघल आणि १७२४ पासून आसफजाही, अशा राजवटी या मुलखाने पाहिल्या. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. प्रत्येक फेरबदलात दप्तरे हलली. जे हलते, त्यातले काही हरवतेच.

६. उरलेल्या दप्तरात काय सापडते? सेतवार, खासरा पत्रक, पाहणी पत्रक, वसूल बाकीच्या याद्या. त्यापूर्वीचे वतनाचे कागद आणि वतनाच्या भांडणातून निघालेले महजर. गावपातळीवर कोतवाल बुक, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही. महजरात तर वादी-प्रतिवादी आपापल्या पूर्वजांची मालिकाच मांडतात. वंशावळीचा सर्वांत जिवंत पुरावा अनेकदा भाऊबंदकीतून जन्मलेला असतो.

७. दुसरे दप्तर सरकारबाहेरचे आहे. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पैठण, काशी, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूचे गाव, जात, आजा, बाप, भाऊ आणि मुले यांची नावे लिहिली जातात. कोल्हापूर, सांगली, सोलापूरच्या पट्ट्यात हेळवी समाजाने हे काम पोटापाण्याचा व्यवसाय म्हणून केले. यजमानांच्या घरी ठरावीक वर्षांनी येऊन नवी पिढी नोंदवायची आणि जुनी वाचून दाखवायची. गावात आग लागली, पूर आला, तरी गावाची नावे दूर कुठेतरी शिल्लक राहिली ती या माणसांमुळे.

८. कागद गेला की काय होते, याचे उदाहरण आयर्लंड. ३० जून १९२२ रोजी यादवी युद्धात डब्लिनमधील सार्वजनिक अभिलेखागार स्फोटात उद्ध्वस्त झाले. १८२१ ते १८५१ च्या जनगणनेची बहुतेक पाने जळाली. पण खरी चटका लावणारी गोष्ट वेगळीच आहे. १८६१ ते १८९१ च्या जनगणनेचे कागद त्याआधीच, युद्धाने नव्हे, सरकारी निर्णयाने नष्ट केले गेले होते. तोफेने जेवढे गेले नाही, तेवढे शेऱ्याने गेले.

९. आयरिश लोक मात्र रडत बसले नाहीत. १८४७ ते १८६४ या काळातील ग्रिफिथची जमीन-मूल्यमापन पत्रके, चर्चच्या नोंदवह्या, धर्मकराच्या याद्या यांवरून परगण्यांतील घराणी पुन्हा जुळवली गेली. स्फोटानंतर १०० वर्षांनी, २०२२ मध्ये, जगभरातील प्रती गोळा करून त्या नष्ट अभिलेखागाराची आभासी प्रतिकृती खुली झाली. महसुलाचा रुक्ष कागद शंभर वर्षांनी कुटुंबाचा इतिहास होतो, हा त्यातला धडा.

१०. मराठवाड्यात हा धडा अचानक तातडीचा ठरला. सप्टेंबर २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तहसीलची कपाटे उघडली, निजामकालीन कागद झटकले गेले आणि मोडी व उर्दू वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. आरक्षणाविषयी कोणाचे मत काहीही असो, एक गोष्ट उघडी पडली: लाखो कुटुंबांचे भवितव्य ज्या कागदांवर अवलंबून होते, ते वाचणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती.

११. याच काळात ‘गॅझेटियर’ हा शब्द घरोघरी पोहोचला, आणि गैरसमजही. गॅझेटियर प्रदेशाचे वर्णन करते, लोकसंख्येचे आकडे देते. व्यक्तीचे नाव आणि तिचा बाप-आजा सांगत नाही. ते सांगते गावचे दप्तर. समूहाचा आकडा आणि कुटुंबाची नोंद हे दोन वेगळे पुरावे आहेत. हा भेद न कळणारा समाज अफवेला इतिहास समजतो.

१२. दप्तरालाही डोळे झाकून शरण जाऊ नये. महसुलाचा कागद जमीनधारकाचे नाव लिहितो. त्याच्या रानात राबणाऱ्या भूमिहीनाचे क्वचित. वंशावळ बापाकडून मुलाकडे जाते. लेक सासरी गेली की पानावरून उतरते. ज्यांची नावे लिहिली गेली नाहीत, त्यांना पूर्वज नव्हते असे नव्हे. अशा घरांसाठी कोतवाल बुकातील एक ओळ आणि म्हाताऱ्यांच्या तोंडची आठवण हेच साधन.

१३. म्हणून केवळ छायाप्रती काढून भागणार नाही. न वाचता साठवलेली प्रतिमा म्हणजे कुलूप बदललेले तेच कपाट. गावनिहाय सूची हवी, नावांची अनुक्रमणिका हवी, आणि मूळ कागद नीट बांधून, कोरड्या जागी हवा. जुन्या नोंदी अभ्यासकाला खुल्या हव्यात. हयात माणसांची माहिती मात्र झाकलेली हवी. प्रमाणपत्राची गरज संपली की गठ्ठे पुन्हा अडगळीत जाणार असतील, तर ही सारी धडपड वाया जाईल.

१४. हे अशक्य नाही. वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून दप्तरे गोळा केली आणि १८९८ पासून ती छापली. मराठवाड्यातच, निलंग्यात जन्मलेले सेतुमाधवराव पगडी फारसी-उर्दू साधने मराठीत आणत राहिले. मोडी काही महिन्यांच्या सरावाने वाचता येते; शिकस्ता वळणाच्या उर्दूला अधिक चिकाटी लागते. लेणी-किल्ल्यांच्या वाटा तुडवणाऱ्या तरुणाईकडे पाय आहेत, उत्साह आहे. उणीव आहे ती लिपीची.

१५. धर्मापुरीच्या मंदिराने ऊन-पावसाची शतके सोसली. तहसीलच्या कपाटातील कागदाला वाळवीचा एक पावसाळा पुरतो. मंदिरापुढे छायाचित्र काढणाऱ्यांपैकी प्रत्येक गावामागे एकाने जरी मोडी किंवा उर्दू शिकून आपल्या गावचे एक जुने पान वाचले, तरी मराठवाड्याच्या इतिहासात राजांच्या नावांखाली प्रजेची नावे उमटू लागतील. ती उमटेपर्यंत तो इतिहास अर्धाच आहे.