घड्याळातल्या कॅलरी ताटात नकोत

रविवारी पहाटे सिंहगडाच्या आतकरवाडीच्या वाटेवर माणसांची रांग लागते. तास-दीड तासात वर पोचायचं, देवटाक्याचं गार पाणी प्यायचं आणि मग गडावर, नाही तर पायथ्याशी, पिठलं-भाकरी, ठेचा, गरम कांदाभजी आणि मडक्यातलं दही. अलीकडे या बेताला एक नवं निमित्त मिळालंय. खायला बसण्याआधी मनगट वर होतं, घड्याळावरचा आकडा मोठ्याने वाचला जातो आणि कुणीतरी म्हणतं, “एवढ्या कॅलरी जाळल्यात, आता बिनधास्त खा.”

वजन उतरवायला निघालेल्या माणसाने व्यायामात जळलेल्या कॅलरी परत खायच्या का, हा प्रश्न वाचक मला सतत विचारतात. रोज तासभर चालणाऱ्या, जिमला जाणाऱ्या, आठवड्याला एखादा गड चढणाऱ्या बहुतेकांनी त्या परत खाऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे. आणि ज्यांनी त्या खायलाच हव्यात, ती माणसं नेमकी खात नाहीत. आज मला खरं तर त्यांच्याबद्दल बोलायचं आहे. पण आधी गडाचा हिशेब पुरा करू.

आतकरवाडीपासून माथ्यापर्यंतचा चढ साधारण ६०० मीटरचा. सत्तर किलोचं शरीर एवढं वर उचलायला भौतिकशास्त्राच्या नियमाने जेमतेम १०० कॅलरी लागतात. आपले स्नायू इंधनातला सुमारे चौथा हिस्साच प्रत्यक्ष कामाला लावतात, बाकीची उष्णता होऊन घामावाटे जाते. म्हणजे चढाईचा खर्च ४०० च्या आसपास. उतरताना त्याहून खूपच कमी. चढ-उतार मिळून पाचशेचा अंदाज धरा. आता ताट बघा. ज्वारीच्या दोन भाकऱ्यांमध्येच तीनशेच्या वर कॅलरी असतात. त्यात पिठल्यातलं बेसन आणि तेल, भज्यांची प्लेट आणि दही मिळवलं की हजाराचा आकडा सहज गाठला जातो. पिठलं-भाकरीशी माझं काही वाकडं नाही. गड चढून आल्यावर तिला जी चव येते, ती घरच्या टेबलावर येत नाही आणि ती चाखायला कुठल्याही घड्याळाची परवानगी लागत नाही. माझा आक्षेप आहे तो घड्याळाच्या आकड्यावर ताट वाढून घेण्याला.

तो आकडा किती विश्वासाचा? स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मनगटावरची सात उपकरणं साठ जणांवर तपासली. हृदयाचे ठोके बहुतेक उपकरणांनी चांगले मोजले. कॅलरींच्या बाबतीत मात्र सगळ्यात अचूक उपकरणाची चूकसुद्धा सरासरी २७ टक्के निघाली आणि सगळ्यात वाईट उपकरणाची ९३ टक्के. त्यानंतर घड्याळं सुधारली असतील, पण अडचण मुळातच आहे. ऊर्जेचा खर्च नीट मोजायचा तर श्वासातला ऑक्सिजन मोजावा लागतो. घड्याळ ठोके, हाताची हालचाल, वय आणि वजन यांवरून अंदाज बांधतं. तो अंदाज असतो, मोजमाप नसतं.

दुसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. ताशी पाच किलोमीटरच्या चालीने सत्तर किलोचा माणूस तासात सुमारे २४५ कॅलरी खर्च करतो. पण तो तेवढा वेळ खुर्चीत बसून राहिला असता, तरी श्वास, हृदय, मेंदू, यकृत यांच्यावर ७० कॅलरी गेल्याच असत्या. त्या त्याच्या दिवसाच्या हिशेबात आधीच धरलेल्या असतात. चालण्यामुळे झालेला जादा खर्च फक्त १७५ चा. उपकरणाने २४५ च्या जागी चुकून ३०० दाखवले आणि माणसाने विश्वासाने ३०० परत खाल्ले, तर चालून आलेल्या दिवशी तो न चाललेल्या दिवसापेक्षा जास्त खाऊन झोपतो. डाएट पाळतोय, रोज चालतोय, तरी काटा हलत नाही, अशी तक्रार घेऊन येणारे लोक खोटं बोलत नसतात. त्यांनी सांगितल्याप्रमाणेच सगळं केलेलं असतं, आकडाच चुकीचा असतो.

आणि ते १७५ तरी पुरते हाती लागतात का? अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ हर्मन पॉन्ट्झर यांनी टांझानियातल्या हाडझा लोकांचा अभ्यास केला. ही माणसं आजही शिकार करून, कंदमुळं आणि मध गोळा करून जगतात. पुरुष दिवसाला सरासरी ११ किलोमीटर चालतात, बायका सुमारे सहा. संशोधकांनी त्यांना हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे जड अणू असलेलं खास पाणी प्यायला दिलं आणि लघवीत ते किती वेगाने कमी होतात यावरून पूर्ण दिवसाचा खर्च काढला. ऊर्जा मोजायची याहून भरवशाची पद्धत रोजच्या जगण्यात नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष चकित करणारा होता. शरीराच्या आकारमानाचा फरक वजा केला, तर हाडझांचा दिवसाचा खर्च शहरात बसून काम करणाऱ्या अमेरिकन माणसाएवढाच भरला. पुढे २०२१ मध्ये १,७५४ प्रौढांच्या अशाच नोंदींवरून दिसलं, की हालचालीवर जादा खर्च झालेल्या ऊर्जेतला सरासरी २८ टक्के भाग शरीर दुसरीकडे काटकसर करून भरून काढतं. ज्यांच्या अंगात चरबी जास्त, त्यांच्यात ही भरपाई निम्म्याच्या जवळ जाते. शरीर खर्चाला नेमकी किती घट्ट मर्यादा घालतं, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. पण सकाळी जोरात व्यायाम केला की दुपारी आपण नकळत कमी उठतो, लिफ्टकडे वळतो, संध्याकाळी सोफ्यावर लवंडतो, हे आपल्यापैकी कुणालाही पटेल. १७५ मधून २८ टक्के गेले की उरतात सव्वाशे. तेल लावलेल्या एका चपातीपेक्षा जरासं जास्त.

गोंधळ वाढवायला ॲप आहेतच. काही ॲप दिवसाचा आकडा ठरवताना व्यायाम मुळीच धरत नाहीत आणि केला तर तेवढं जास्त खा म्हणतात; मायफिटनेसपॅलचा हिशेब असा चालतो. दुसऱ्या पद्धतीत ‘आठवड्यातून पाच दिवस व्यायाम’ हे सुरुवातीलाच विचारून आकड्यात मिळवलेलं असतं. माणूस आकडा एका पद्धतीचा घेतो, भर दुसऱ्या पद्धतीने घालतो आणि एकच चालणं दोनदा मोजलं जातं. डाएटिशियनने तक्ता दिला असेल, तर पहिला प्रश्न हाच विचारा, की माझा व्यायाम यात धरलाय की नाही?

मी काय सुचवतो? तुमचं नेहमीचं चालणं-फिरणं धरून दिवसाचा एक आकडा ठरवा आणि व्यायामाचा दिवस असो वा सुट्टीचा, तो रोज बदलू नका. वजन आठवड्यातून तीन-चारदा सकाळी करा आणि आठवड्याची सरासरी बघा. एका दिवसाच्या काट्यात मीठ, पाणी, पाळी, कालची बिर्याणी असं सगळंच असतं. तीन-चार आठवड्यांची सरासरी आणि कंबरेचा घेर तुम्हाला तुमचा खरा खर्च सांगेल. वजन आठवड्याला एक टक्क्याहून जास्त वेगाने उतरत असेल, झोप बिघडली असेल, चिडचीड होत असेल, व्यायामात जोर लागत नसेल, तर खाणं वाढवा आणि ती वाढ आधी वरण, उसळ, अंडी, दही यांची असू द्या. कारण घाईने उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात.

यावर लोक विचारतात, चालून सव्वाशेच कॅलरी सुटणार असतील तर चालायचं कशाला? इथे मला पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आठवतात. त्यांनी आणि ब्रिटनच्या जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचा एकत्र फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ भारतीय आतून किती चरबी बाळगून असतो, ते त्या एका फोटोने जगाला दाखवलं. आपल्याकडे काट्यावरचं वजन पुरतं सांगत नाही, ते यामुळेच. चालल्यावर, वजनं उचलल्यावर स्नायू रक्तातली साखर जास्त ओढून घेतात आणि हा परिणाम दिवसभर, कधी त्याहून जास्त टिकतो. उतरलेलं वजन परत चढू न देण्यात व्यायामाचा वाटा मोठा आहे. अमेरिकेत १९९४ पासून वजन उतरवून टिकवलेल्या हजारो लोकांची नोंद ठेवली जाते; त्यातली बहुसंख्य माणसं रोज तासाभराच्या आसपास व्यायाम करतात. एवढं सगळं देणाऱ्या चालण्याला एका वडापावच्या भावात मोजणं मला मनापासून खटकतं. जेवण ही व्यायामाची मजुरी नव्हे आणि व्यायाम ही जेवणाची शिक्षाही नव्हे. काल लग्नात दोन जिलब्या जास्त खाल्ल्या म्हणून ट्रेडमिलवर स्वतःला पिळून काढणारी माणसं मी बघतो, तेव्हा जिलब्यांपेक्षा त्या पिळण्याची काळजी वाटते.

एक सूचना मधुमेहींसाठी. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर व्यायामाने साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. अशा वेळी घाम, थरथर, भोवळ जाणवली की डाएट बाजूला ठेवून तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज लगेच घ्यायचं आणि औषधाच्या मात्रेबद्दल डॉक्टरांशी बोलायचं. वर मांडलेला हिशेब तिथे लागू नाही.

आता ज्यांनी खायलाच हवं, त्यांच्याकडे येतो. दीड-दोन तास पळणारे, मॅरेथॉनची तयारी करणारे, दिवसातून दोनदा घाम गाळणारे कुस्तीगीर, कबड्डीपटू आणि जिल्ह्या-जिल्ह्यातल्या अकादम्यांमध्ये पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली. मुलींची ८०० मीटर, मुलांची १,६०० मीटर धाव असते आणि एकेका सेकंदावर गुण ठरतात. पहाटे पाचला मैदान, संध्याकाळी पुन्हा मैदान, मधे लेखीचा अभ्यास. यातल्या कितीतरी मुलींना वाटतं, की दोन किलो उतरले तर वेळ सुधारेल. मग रात्रीची भाकरी सुटते, सोमवार-गुरुवारचा उपास चालूच असतो.

अशा एका मुलीचं गणित मांडून बघा. वजन ५२ किलो, चरबी वगळता उरलेलं शरीर साधारण ४० किलोचं. ती १,४०० कॅलरी खाते आणि सरावात ५०० खर्च करते. शरीराच्या बाकी सगळ्या कामांसाठी उरल्या ९००, म्हणजे चरबीविरहित वजनाच्या दर किलोला साडेबावीस. ओहायो विद्यापीठाच्या ॲन लाउक्स यांनी २००३ मध्ये दाखवलं, की ही शिल्लक किलोला ३० च्या खाली गेली, तर अवघ्या पाच दिवसांत पाळीचं नियमन करणाऱ्या संप्रेरकाची लय बिघडते. पुढे पाळी लांबते, थांबते. हाडांची घनता नेमकी जेव्हा वाढायची त्याच वयात घटते, पायाच्या हाडाला बारीक तडे जातात, जखमा भरत नाहीत, वेळ सुधारायच्या ऐवजी बिघडते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये याची रीतसर दखल घेतली आणि हा त्रास पुरुष खेळाडूंनाही होतो हे मान्य केलं. मुलांमध्ये पाळीसारखी उघड खूण नसते, त्यामुळे ते आणखी उशिरा कळतं.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार ५५ किलोच्या, बैठं काम करणाऱ्या बाईलाही दिवसाला १,६६० कॅलरी लागतात. मैदानावर दोनदा पळणारी मुलगी त्याहून कमी खाते, तेव्हा ती निग्रही असते असं तिचं कौतुक होतं. ते कौतुक थांबायला हवं. या मुलीने जळलेली प्रत्येक कॅलरी परत खाल्लीच पाहिजे आणि भूक लागायची वाट बघत बसू नये, कारण जोरदार सरावानंतर काही काळ भूक मरते. मैदानावर जाण्याआधी एक केळं, परत आल्यावर तासाभरात दूध, अंडी किंवा मोड आलेली उसळ आणि पोटभर पोळी-भाजी, खिशात गूळ-शेंगदाणे. यासाठी महागडी पावडर लागत नाही. पण कोरा चहा आणि दोन बिस्किटं म्हणजे नाश्ता नव्हे, आणि महिन्याची फी घेणाऱ्या अकादमीच्या मेसमध्ये सकाळच्या सरावानंतर तेवढंच मिळत असेल, तर पालकांनी तिथे जाऊन विचारायला हवं.

आणि सरावात मुलीची पाळी चुकली, तर ‘पळतेय ना, होतं असं’ म्हणून सोडून देऊ नका. तीन महिने पाळी आली नाही, तर स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवा आणि नुसती पाळी आणायची गोळी घेऊन परतू नका. ती दिवसभरात काय खाते आणि किती पळते, हे दोन्ही डॉक्टरांना सविस्तर सांगा. प्रशिक्षकालाही पाळीबद्दल विचारायला संकोच वाटता कामा नये. गुडघा दुखतो का हे तो जितक्या सहजपणे विचारतो, तितक्याच सहजपणे त्याने किंवा अकादमीतल्या एखाद्या ताईने दर महिन्याला हेही विचारून वहीत टिपून ठेवावं.