कागदाचा क्रौंच

ओरिगामीचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच शेरे ऐकू येतात. एक ‘पोरखेळ’, दुसरा ‘पौर्वात्य गूढ कला’. मला दोन्ही पटत नाहीत. पोरखेळ म्हणणाऱ्यांना एवढेच सांगावे की, १९९५ साली अवकाशात गेलेल्या एका जपानी यानाचे सौरफलक कोर्यो मिउरा यांनी शोधलेल्या घडीने मिटलेले होते. आणि गूढ म्हणावी, तर ती जगभरच्या शाळकरी पोरांच्या हाती लागली कशी?

ती लागली, कारण तिला लिपी मिळाली. तोवर घड्या बहुतेक हातोहातच शिकल्या जात; आपली पावसाळ्यातली होडी आजही तशीच शिकतात. लग्नातल्या साकेच्या भांड्यावरची कागदी फुलपाखरे काय किंवा भेटवस्तूवरची नोशी काय, त्यांचा अर्थ जपानच्या घरातच राहिला. अकिरा योशिझावा (१९११-२००५) या माणसाने कारखान्यातली नोकरी सोडली, दारोदार खाण्याचे जिन्नस विकले, पण घड्या सोडल्या नाहीत. १९५४ च्या त्याच्या पुस्तकात रेषा आणि बाण यांची खूणभाषा आहे. तुटक रेषा दिसली की कागद पुढे दुमडायचा, रेषा आणि टिंब दिसले की मागे. जपानीचे अक्षर न येणाऱ्यालाही पुस्तक उघडून बसता यावे, एवढे ते सोपे! किरकोळ फेरफार करून जगाने तीच खूणभाषा उचलली. १९५५ मध्ये ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयात त्याच्या कृतींचे प्रदर्शनही भरले.

त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला हिरोशिमाची सादाको सासाकी रक्ताच्या कर्करोगाने गेली. बॉम्ब पडला तेव्हा ती दोन वर्षांची होती; गेली तेव्हा बारा. हजार क्रौंच घडवले की इच्छा पुरी होते, या समजुतीने ती औषधांच्या वेष्टनांचेही पक्षी करी. हजार पुरे होण्याआधीच ती गेली, अशी गोष्ट जगभर सांगतात. एका अमेरिकन लेखिकेच्या १९७७ च्या पुस्तकाने ती रूढ केली. पण हिरोशिमाचे संग्रहालय आणि तिचे घरचे लोक सांगतात की तिचे हजार केव्हाच पुरे झाले होते.

माझा आक्षेप इथे आहे. अपुऱ्या हजारांची गोष्ट हळवी आहे, सोयीची आहे. थोडे क्रौंच राहिले म्हणून मुलगी गेली, असे मनाला समजावता येते. खऱ्या गोष्टीत तशी पळवाट नाही. हजार झाले, इच्छा पुरी झाली नाही, आणि ती पोर आणखी लहान कागद घेऊन पुढचे क्रौंच घडवू लागली. काही इतके बारीक की ते सुईने दुमडावे लागत.