थोरली की धाकटी? ताम्हिणीच्या वाटेवरचा एक वाद

‘घ्यायचीच आहे तर मोठीच घे. दोन वर्षांनी धाकटी विकून पुन्हा मोठी घेण्यात कसलं आलंय शहाणपण?’ पिरंगुट असो वा पौड, गॅरेजसमोर नव्या गाडीचा विषय निघाला की हे वाक्य कुणीतरी टाकतंच. टाकणाऱ्याला हप्ता भरायचा नसतो, ही त्यातली खरी सोय. समोरचा मुलगा वीस-बावीस वर्षांचा असतो आणि आजवर त्यानं घरची स्प्लेंडर नाहीतर अ‍ॅक्टिव्हा चालवलेली असते. त्याच्या मोबाइलवर शेजारीशेजारी दोन फोटो असतात, केटीएम आरसी २०० आणि आरसी ३९०. दोघी दिसायला सख्ख्या बहिणी, दोघी चाकणच्या कारखान्यातल्या. किमतीत लाखाच्या आसपास फरक. ताकद मात्र एकीची २५ पीएस, दुसरीची ४३च्या पुढे.

‘मोठीच घे’ म्हणणाऱ्यांना निव्वळ फुशारकीबद्दल झोडपणं सोपं आहे, पण ते न्यायाचं होणार नाही. त्यांच्याजवळ युक्तिवाद आहेत आणि त्यातला पहिला तर चक्क सुरक्षिततेचा आहे. पौड रस्त्यावर खडीचे डंपर चालतात, एसटी चालते, रविवारी मोटारींची रांग लागते. या सगळ्यांना मागे टाकायचं तर हाताशी पिकअप हवा. तो नसला की माणूस समोरच्या लेनमध्ये जास्त वेळ अडकतो. ऐकायला बिनतोड वाटतं.

पण ओव्हरटेक करायला आधी काय लागतं? समोरचा मोकळा रस्ता, आणि तो डोळ्यांना दिसायला हवा. माले ओलांडून मुळशी धरणाच्या काठाने रस्ता वळू लागला की एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला झाडी, आणि पुढचं वळण शंभर मीटरवर. तिथे ४३ पीएस असले तरी पलीकडून येणारा टेम्पो लवकर दिसत नाही. जिथे रस्ता सरळ आहे, तिथे तिशीने चढणाऱ्या डंपरला मागे टाकायला २५ पीएस पुरून उरतात. जिथे ते पुरत नाहीत, तिथे ओव्हरटेक मुळात करायचाच नसतो.

इथे थोडं गणित मांडायला हवं, कारण गप्पांत ते कुणी मांडत नाही. ताशी ६० किलोमीटरने चाललेली गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते, ९०ने चाललेली २५ मीटर. समोर म्हैस दिसली आणि बोटं ब्रेकवर जायला एक सेकंद लागला, तर तेवढं अंतर ब्रेक न लागताच गेलं. कोरड्या चांगल्या डांबरावर जोरात ब्रेक मारला तरी थांबायला आणखी अनुक्रमे वीसेक आणि पंचेचाळीसेक मीटर लागतात. एकूण ३७ आणि ७० मीटर. वेग दीडपट झाला, थांबण्याचं अंतर जवळजवळ दुप्पट झालं. रस्ता ओला असेल तर दोन्ही आकडे आणखी फुगतात, आणि ताम्हिणीत रस्ता ओला असणं ही काही क्वचितची गोष्ट नव्हे. जुलै २०२४मध्ये तिथे एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला होता. थोरल्या गाडीवर नव्वदी कधी गाठली ते कळतच नाही, हीच तर तिची ख्याती. केंद्र सरकारच्या २०१८च्या अधिसूचनेनुसार अशा साध्या रस्त्यांवर मोटारसायकलची कमाल मर्यादा ६०, आणि दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यांवर ८०. ती पाळतो कोण, हा प्रश्न वेगळा.

दुसरा युक्तिवाद इंजिनाचा. धाकट्या गाडीला सतत पिळावं लागतं, थोरली आरामात चालते. हे खरं आहे, पण कुठे? बेंगळुरू महामार्गावर तासन्‌तास शंभरीने जाणाऱ्याला. मुळशीकराचा रोजचा रस्ता म्हणजे चांदणी चौक ते भूगाव. २ ऑक्टोबर २०२२च्या पहाटे चांदणी चौकातला जुना पूल पाडला, ऑगस्ट २०२३मध्ये नव्या रचनेचं उद्घाटन झालं, चौक मोकळा झाला. कोंडी मात्र सरकून भूगावात येऊन बसली. त्या रांगेत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, मनगटांवर भार टाकून वाकलेल्या बैठकीत, ३७३ सीसीच्या एकाच सिलिंडरची धग मांड्यांवर घेत अर्धा तास काढून पाहावा. आराम हा शब्द त्यानंतर कुणी वापरणार नाही.

‘पुन्हा विकण्यात नुकसान’ हा तिसरा मुद्दा. नुकसान होतंच. पण नवशिका गाडी पाडतो, हेही होतंच. आणि स्पोर्ट गाडी पाडणं म्हणजे स्प्लेंडर पाडणं नव्हे. स्प्लेंडरचा लेगगार्ड वाकतो, रस्त्याकडेचा मेकॅनिक तो पाइप घालून सरळ करतो. इकडे जागच्या जागी कलंडली तरी फेअरिंग फुटतं, आरसा जातो, लिव्हर जातो. सक्तीच्या थर्ड पार्टी विम्याचा २०२२ पासूनचा वार्षिक दर १५० ते ३५० सीसीला १,३६६ रुपये आणि त्यापुढे २,८०४. सप्टेंबर २०२५मध्ये जीएसटीनंही तीच रेघ ठळक केली: ३५० सीसीपर्यंत २८चे १८ टक्के, त्यापुढे ४०. शिकण्याची फी धाकट्या गाडीवर भरलेली परवडते.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू, कारण तोही तितकाच चुकतो. घरातली वडीलधारी मंडळी. ‘साडेतीनशेची बुलेट नको, जड पडेल, ती बारकी दोनशेची घे.’ सीसी कमी म्हणजे गाडी गरीब, असा हा हिशोब. रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५०चं इंजिन ३४९ सीसीचं, ताकद सुमारे २० पीएस, वजन १९५ किलो. आरसी २००चं इंजिन १९९ सीसीचं, ताकद २५ पीएस, वजन १६०च्या आसपास. कोणती गरीब? यामाहा आर१५ तर १५५ सीसीचीच. तिच्या १८.४ पीएसना, सत्तर किलोच्या चालकासकट धरलं, तर दर टनाला ८७ पीएस पडतात. म्हणजे साधारण एखाद्या छोट्या हॅचबॅक मोटारीइतके. आरसी २००ला याच हिशोबाने १०९, आरसी ३९०ला १८०. मुलाला ‘बारकी’ घेऊन दिली म्हणून निर्धास्त झोपणाऱ्या बापाने हे आकडे एकदा कागदावर मांडावेत.

जर्मनीत सोळाव्या वर्षी मिळणाऱ्या परवान्यावर ११ किलोवॉट, म्हणजे १५ पीएसपर्यंतचीच मोटारसायकल चालवता येते. इथे जिला नाक मुरडतात ती आर१५ त्या परवान्यात बसत नाही. अठराव्या वर्षी ३५ किलोवॉटपर्यंतची पायरी. आरसी ३९० तिथे येते. त्यापुढचं सगळं आणखी दोन वर्षांनी, परीक्षा देऊन. आपल्याकडे अठरा पूर्ण झाले, आठाचा आकडा काढून दाखवला, की एकाच परवान्यावर शंभर सीसीपासून हायाबुसापर्यंत सगळं खुलं. सरकारने पायऱ्या बांधल्या नाहीत, म्हणून त्या घरानेच बांधायच्या.

शर्यतीच्या जगात तर हा वाद कधीच निकालात निघाला आहे. व्हॅलेंटिनो रॉसी १९९६मध्ये १२५ सीसीच्या वर्गात उतरला, १९९७मध्ये तिथला जगज्जेता झाला, मग २५०, आणि ५०० सीसीवर आला तो २००० साली. इतका उपजत हात असलेल्या माणसाला चार वर्षं लागली. पौड फाट्यावरच्या हिरोला चार महिने पुरतात.

घरचं उदाहरणही आहे. २००८मध्ये यामाहाने आर१५ आणली तेव्हा ती लाखाच्या आत होती, १५० सीसी, १७ पीएस. पुण्यात हसू झालं. आकुर्डीच्या बजाजची पल्सर २२० तेव्हा वीस पीएसच्या वर होती, आणि २००९मध्ये तर सर्वांत वेगवान भारतीय म्हणून तिची जाहिरात झाली. सरळ रस्त्यावर पल्सरच पुढे जायची, यात वाद नाही. पण डेल्टाबॉक्स चौकटीची ती हलकी आर१५ वळणात जी शिरायची ती रुळावरून गेल्यासारखी, आणि चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर तिच्याच खास शर्यती भरू लागल्या. ताकद कमी म्हणून वळणाआधी वेग विनाकारण घालवायचा नाही, योग्य गिअर आधी टाकायचा, नजर वळणाच्या टोकावर ठेवायची, हे त्या गाडीने एका पिढीला शिकवलं. मोठ्या इंजिनावर या चुका लपतात. वळण चुकलं तरी पुढच्या सरळ पट्ट्यात मूठ पिळली की भरपाई होते. लपलेली चूक दुरुस्त होत नाही, ती साठते.

आणि मोठी गाडीच तेवढी तंत्रज्ञानाने सुरक्षित, हेही आता जुनं झालं. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या दुचाकींना एबीएस सक्तीचं आहे. आर१५च्या काही आवृत्त्यांत ट्रॅक्शन कंट्रोलही मिळतं. अर्थात एबीएस चाक अडकू देत नाही एवढंच. शेवाळलेल्या डांबरावर ते पकड निर्माण करत नाही.

तेव्हा सल्ला सरळ आहे: मुळशीत राहणाऱ्या, पहिलीच स्पोर्ट गाडी घेणाऱ्याने धाकटी घ्यावी आणि वाचलेला लाख बँकेत नव्हे, अंगावर घालावा. चांगलं फुल-फेस हेल्मेट, कोपर-खांद्याला संरक्षण असलेलं जॅकेट, हातमोजे, घोट्यावर येणारे बूट. पावसाळ्याआधी टायरची नक्षी पाहून गरज असेल तर नवे टायर. आणि एखाद्या ट्रॅकवर दोन दिवसांचं रीतसर शिक्षण. एवढं करूनही पैसे उरतात. ‘मुळशी पॅटर्न’ हा २०१८चा चित्रपट विकलेल्या जमिनीच्या पैशाचं काय होतं ते दाखवून गेला. तो पैसा शोरूममध्ये पोचला की हेल्मेटपाशी मात्र हात आखडतो, हे कुठल्याही विक्रेत्याला ठाऊक असतं.

थोरलीला या वादात जागाच नाही असं नव्हे. चार-पाच वर्षं धाकटी चालवलेला, महिन्यातून दोनदा कोल्हापूर-बेळगाव करणारा माणूस आरसी ३९० घेत असेल तर त्याला अडवू नये. चौपदरी रस्त्यावर मागच्या ट्रकपासून दूर राहायला तिची ताकद खरोखर कामाला येते. पण ताम्हिणीसाठी? चांदणी चौकापासून घाट पन्नासेक किलोमीटर. धाकटीवर सरासरी ४५ पडली आणि थोरलीवर ५०, तर फरक सहा-सात मिनिटांचा. निव्याच्या टपरीवर तेवढ्या वेळात चहाला उकळी येते.