मोजणी पुरी होऊ द्या

नागरा गाव असो की गोंदिया शहर, वेगळ्या विदर्भाचा विषय इथे नवा नाही. १९५५ साली फाजल अलींच्या राज्य पुनर्रचना आयोगाने विदर्भाचं वेगळं राज्य सुचवलं, १९६० साली आपण महाराष्ट्रात आलो, आणि तेव्हापासून मधूनमधून कुणीतरी म्हणतंच, ‘एकदा लोकांचं मत घेऊन टाका ना!’ मत घ्यायचं म्हणजे मोजायचंही आलं. मोजणीच्या दिवशी आपण कसे वागतो ते दर निवडणुकीत दिसतं. दुसरी फेरी संपत नाही तोच गुलाल उधळतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर निकाल लागूनही जातो. म्हणून ही विनंती: मोजणी पुरी होऊ द्या.

गोव्याचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. १६ जानेवारी १९६७ रोजी तिथे मतदान झालं. महाराष्ट्रात जायचं असेल तर फूल, केंद्रशासित राहायचं असेल तर दोन पानं. मतदान निष्पक्ष व्हावं म्हणून मुख्यमंत्री दयानंद बांदोडकरांनी आधीच राजीनामा दिला होता. मोजणीसाठी तीन दिवस ठेवले होते. पेडण्याकडे विलीनीकरणाला जोर, तर सासष्टीत कडवा विरोध. एकाच बाजूच्या पेट्यांवरून अंदाज बांधणारा हमखास तोंडघशी पडला असता. शेवटी दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मतं पडली.

आता टक्केवारी बघा: ५४.२१ आणि ४३.५०. बेरीज शंभर होत नाही. आजच्या काळात एवढ्यावरूनच कुणी ‘घोटाळा’ म्हणून ओरडलं असतं. पण एकूण मतदान होतं ३,१७,६३३. त्यातली ७,२७२ मतं कोणत्याच बाजूला धरली गेली नाहीत. फक्त धरलेल्या मतांवर हिशेब केला, तर दोन पानांचा वाटा साडेपंचावन्न टक्क्यांच्या आसपास जातो. आकडे तेच, भागाकार वेगळा. तेव्हा टक्केवारी दिसली की आधी विचारा, कशाची टक्केवारी?

प्रश्न काय विचारला होता, तेही बघा. गोव्याच्या मतपत्रिकेवर ‘वेगळं राज्य’ हा पर्यायच नव्हता. ते राज्य व्हायला १९८७ उजाडलं.

अर्ध्या मोजणीवरून अंदाज का बांधू नये, याचं दुसरं उदाहरण स्कॉटलंडचं. त्याने २०१४ साली स्वतंत्र व्हायचं की नाही यावर मतदान केलं. निकाल ३२ भागांतून एकेक करून येत होता. ग्लासगो आणि डंडी ‘हो’ म्हणाले, देश ५५.३ टक्क्यांनी ‘नाही’ म्हणाला.

आपल्याकडे विधानसभेच्या मोजणीत सहसा चौदा टेबलं असतात आणि यंत्रं केंद्रांच्या क्रमांकाने येतात. म्हणजे पहिल्या फेऱ्यांत बहुधा मतदारसंघाच्या एकाच टोकाची गावं बोलतात. आघाडी किती, यापेक्षा कोणती गावं राहिली आणि तिथे मतदान किती झालं, हे मोजणी प्रतिनिधीला विचारा. उरलेली मतं आघाडीपेक्षा जास्त असतील तर फटाके घरातच राहू द्या.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. नवं राज्य संसदेच्या कायद्याने होतं. घटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदात जनमताची अट नाही. तरी उद्या एखाद्या संघटनेने तुमच्या चौकात पेटी ठेवली तर खुशाल मत टाका, लोकांचं म्हणणं पुढे यायलाच हवं. फक्त दोन गोष्टी विचारा. रात्री पेटी कुणाच्या ताब्यात राहणार, आणि मोजताना विरोधी मताचा माणूस टेबलाशी असणार का? उत्तर मिळालं नाही, तर त्या आकड्याला विदर्भाचा कौल म्हणू नका आणि पुढे पाठवू नका.