चित्रातला ढोल

दिवाळीच्या खरेदीची यादी घरोघरी होते. फराळाचे सामान, कपडे, उटणे, पणत्या, आकाशकंदील अशी ती वाढत जाते आणि शेवटी, पैसे उरलेच तर, 'मुलांना एखादे पुस्तक' अशी एक ओळ तिच्या तळाशी येते. ते एखादे पुस्तक कोणते, याचा विचार मात्र उटण्याच्या वासाइतकाही होत नाही. दुकानदार पुढे करील ते आपण घेतो. आणि अलीकडे तो पुढे करतो त्यांत बटण दाबले की वाजणारी पुस्तके फार. चार दिवस ती वाजतात. पाचव्या दिवशी बॅटरी संपते आणि मग ते पुस्तक म्हणूनही उरत नाही.

आज मला लिहायचे आहे ते बटणाशिवाय वाजणाऱ्या पुस्तकांविषयी. म्हणजे अशी चित्रांची पुस्तके, की ज्यांत एखादे वाद्य असते, एखादा नाच असतो, एखाद्या पाखराची शीळ असते. आणि त्यांच्या आधाराने मूल गणितही शिकते, भूगोलही शिकते, आणि भाषा तर शिकतेच. गाण्याचा तास वेगळा आणि बाकीचे विषय वेगळे, ही वाटणी मोठ्या माणसांनी केलेली. मुलांनी ती कधी मागितली नव्हती.

असे एक पुस्तक मी गेल्या हिवाळ्यात सेमाडोहला पाहिले. परतवाडा सोडून धारणीच्या रस्त्याने घाट चढला, की सिपना नदीच्या काठी हे गाव लागते. नदीचे नाव कोरकू भाषेतले. सिपना म्हणजे साग. सभोवार मेळघाटचे जंगल. १९७३-७४ साली देशात पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प जाहीर झाले, त्यांतला हा एक. आमच्यासारखे शहरी लोक इथे येतात ते वाघासाठी. कोरकू लोक त्याला 'कुला' म्हणतात. आम्हांला कुला काही दिसला नाही. मात्र गावातल्या एका गुरुजींनी स्वतःच्या हाताने केलेले एक पुस्तक दाखवले, आणि वाघ न दिसल्याची रुखरुख तिथेच संपली.

ते पुस्तक समजायला इथल्या मुलांची अडचण आधी समजली पाहिजे. कोरकू ही मराठीची बोली नव्हे. ती मुंडा कुळातली भाषा. तिची नाती झारखंडाकडच्या संथाळीशी, मुंडारीशी, होशी. त्या कुळातली अगदी पश्चिमेकडची भाषा ती हीच. २०११ च्या जनगणनेत सुमारे ७ लाख २७ हजार लोकांनी ती आपली मातृभाषा म्हणून सांगितली. आता सहा वर्षांच्या कोरकू मुलाची कल्पना करा. घरात आई-आजी कोरकू बोलतात, रानात कोरकू, खेळात कोरकू. आणि जून महिन्यात एके दिवशी त्याला वर्गात बसवतात. तिथे पुस्तक मराठी, फळा मराठी, रागावणेही मराठी. मूल गप्प बसते. आपण म्हणतो, 'मंद दिसतो.' मंद कसला? त्याला आपण काय बोलतो तेच कळत नाही!

गुरुजी सांगत होते, की त्यांच्या वर्गात अशीच एक मुलगी होती. शाळा सुरू झाल्यापासून दिवाळीपर्यंत तिने तोंडातून शब्द काढला नव्हता. गुरुजींनी जाड पुठ्ठ्याच्या बारा पानांवर चित्रे काढली, सुतळीने शिवली आणि वर्गात नेली. पहिल्या पानावर फक्त एक मोठा ढोल. अक्षर एकही नाही. 'हा कसा वाजतो?' असे विचारून त्यांनी टेबलावर बोटांनी ठेका धरला. तशी ती मुलगी उठली, पुढे आली, मान हलवून 'असा नव्हे' म्हणाली (कोरकूतच!) आणि तिने स्वतः टेबलावर बरोबर ठेका धरून दाखवला. वर्ग हसला, गुरुजी हसले, आणि त्या दिवसापासून ती बोलू लागली.

या गोष्टीत जादू काही नाही. पहिल्यांदाच त्या मुलीला शाळेत असे काही भेटले, की जे तिला येत होते आणि गुरुजींना येत नव्हते. होळीच्या दिवसांत गावागावांत गदली-सुसुनचा नाच होतो. आईच्या कडेवर बसून तिने तो ठेका ऐकलेला. दिवाळीनंतर मेळघाटातले आठवडी बाजार भरतात त्यांना 'घुंगरू बाजार' म्हणतात. गुरे राखणारे थाट्या लोक तिथे ढोल-बासरीवर नाचतात. म्हणजे सहा वर्षांचे मूल शाळेत येते ते कोऱ्या पाटीने येत नाही. त्याच्या पाटीवर आधीच पुष्कळ काही लिहिलेले असते. आपल्याला ती लिपी वाचता येत नाही, एवढेच.

पुढची पाने मी उलटून पाहिली. एका पानावर घुंगरू बाजार. सहा जण नाचताहेत, प्रत्येकाच्या एकेका पायात पाच घुंगरे. एकंदर घुंगरे किती? मोजून काढा, नाही तर गुणून काढा. उत्तर साठच येते, आणि दोन्ही वाटांनी एकच का येते हे मुलाला चित्रावर बोट ठेवून कळते. दुसऱ्या पानावर एक झाड, एक जनावर आणि मध्ये ढोल: लाकूड कुठून आले, कातडे कुठून आले, ते पोखरले कोणी, मढवले कोणी? हा झाला परिसराचा पाठ. आणखी एका पानावर नदी, अलीकडे मुले आणि दूर पलीकडे ढोल वाजवणारा माणूस. टिपरी पडलेली आधी दिसते आणि आवाज मागून येतो, तो का? आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर चालतो, हे वाक्य पाठ करून विसरता येते. नदीकाठच्या मोकळ्या जागेत एक मुलगा ढोल घेऊन दूर पाठवला आणि डोळ्याने व कानाने एकदा अनुभवले, म्हणजे ते विसरता येत नाही. प्रत्येक चित्राखाली दोन ओळी, देवनागरीतच, एक कोरकू आणि एक मराठी. मूल पहिल्या ओळीवरून दुसऱ्या ओळीवर येते, ओढ्यातल्या दगडावरून पलीकडे जावे तसे.

मी विचारले, "गुरुजी, हे पुस्तक गाण्याचं की गणिताचं?"

ते म्हणाले, "ताई, पोट्ट्यायले अजून हे दोन वेगळे विषय हायेत हे मालूमच नाही. मी काहून सांगू?"

हे काही आजचेच खूळ आहे, असे कोणी समजू नये. कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाचे मुलांसाठीचे सचित्र पुस्तक युरोपात १६५८ साली निघाले. चित्र आणि शब्द शेजारी मांडून त्यात साऱ्या जगाची ओळख करून दिली आहे, आणि त्यात वाद्यांचेही एक पान आहे. रशियन संगीतकार प्रोकोफिएव्ह याने १९३६ साली 'पीटर आणि लांडगा' ही संगीतकथा रचली. तिच्यात पाखरासाठी बासरी, मांजरासाठी क्लॅरिनेट, आजोबांसाठी बसून, असे एकेक पात्र एकेका वाद्याला दिलेले. तिची चित्रपुस्तके पुढे कितीतरी भाषांत झाली.

इतके दूर तरी कशाला जावे? वऱ्हाडच्या मातीत हा धडा जुनाच आहे. शेंडगावी जन्मलेले गाडगेबाबा कीर्तनात प्रश्न विचारविचारून माणसांना स्वच्छता आणि शाळा शिकवत. यावलीला १९०९ साली जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी खंजिरीच्या तालावर गावोगाव ग्रामसुधारणा सांगितली. आणि ताराबाई मोडक, ज्यांच्या आयुष्यातली काही वर्षे अमरावतीत गेली, त्यांनी गिजुभाई बधेका यांच्या जोडीने १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा केला. पुढे बोर्डीला आणि कोसबाडला अनुताई वाघांसह आदिवासी मुलांसाठी अंगणवाडी आणि कुरणशाळा चालवल्या. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हे त्यांचे सूत्र. गाणी, गोष्टी, पाने, शिंपले यांतूनच तिथले शिक्षण सुरू होई.

आता शहरातल्या घरात हे कसे करावे? त्याला खर्च फारसा नाही. मुलाच्या हाती वाद्यांच्या चित्रांचे कोणतेही चांगले पुस्तक द्या आणि प्रत्येक चित्रापाशी एक प्रश्न थांबवा.

तबल्याचे चित्र आले, की टाळ्या वाजवा. तीनताल सोळा मात्रांचा, चार-चारांचे चार भाग. झपताल दहाचा, दोन-तीन-दोन-तीन. रूपक सातचा, तीन-दोन-दोन. बेरीज आपोआप होते. मग ताईने दर तिसऱ्या मात्रेला टाळी द्यावी आणि दादाने दर चौथ्या. दोघांची टाळी एकत्र केव्हा पडेल? बाराव्या मात्रेला. हाच तो लसावि, ज्याच्या नावाने पुढे मुले रडतात.

जलतरंगाचे चित्र आले, की स्वयंपाकघरातून चार काचेचे पेले आणा. चमच्याने वाजवा. पाणी जास्त, तर स्वर खाली जातो. मग एक अरुंद तोंडाची बाटली घेऊन तिच्या तोंडावर फुंकर मारा. इथे पाणी वाढवले, की स्वर वर चढतो! असे उलटे का? पेल्यात काच थरथरते, आणि पाण्याच्या भाराने ती सावकाश थरथरते. बाटलीत थरथरते ती हवा, आणि पाणी वाढले की हवेचा खांब आखूड होतो. हे उत्तर लगेच सांगू नका. मुलाला एक दिवस त्याच्यावर झुलू द्या.

तंबोऱ्याचे चित्र भूगोलाचे. मिरजेचे कारागीर त्यासाठी पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे वापरतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पेटीचे चित्र इतिहासाचे. ती युरोपातून आली, आपल्या भजनांत इतकी रुळली की ती परकी हे कोणाला आठवेना, आणि तरीही १९४० पासून सुमारे तीस वर्षे आकाशवाणीवर तिला बंदी होती. बाहेरून आलेले आपले केव्हा होते, हा प्रश्न आठ वर्षांच्या मुलालाही विचारता येतो.

आणि पाखराचे चित्र विज्ञानाचे. रानपिंगळा नावाचे छोटे घुबड १८८४ नंतर ११३ वर्षे कोणाला सापडले नव्हते. १९९७ साली ते शहाद्याजवळ दिसले आणि पुढे मेळघाटातही आढळले. असे पाखरू रानात शोधताना डोळ्यांइतकेच कानही कामाला येतात, हे मुलाला सांगा. ऐकणे हेही अभ्यासाचेच काम आहे, हे त्याला पटेल.

एक सावधगिरी मात्र हवी. गाणे म्हणजे कडू औषधावरची साखर नव्हे. सिनेमाच्या चालीवर पाढे बसवले, की पाढे पाठ होतात हे खरे. आपल्या जुन्या पंतोजींच्या शाळेतही पावकी-निमकी सूर लावूनच म्हणत. पण मुलाला सूर तेवढा येतो आणि मधलाच 'सात सक' विचारला, तर ते पहिल्यापासून म्हणत येते. तिथे गाण्याने आठवण दिली, समज दिली नाही. वर सांगितलेल्या पुस्तकात गाणे हे गणिताचे वेष्टन नाही. ठेक्याच्या आतच गणित आहे आणि ते मुलाने शोधायचे आहे. हा फरक ज्याला कळला, त्याला पुस्तक निवडता येईल.

पुस्तके मिळत नाहीत, ही तक्रारही आता पुरती खरी नाही. मराठीत माधुरी पुरंदरे यांच्यासारख्या लेखिकेने मुलांसाठी लिहिले आणि चित्रेही स्वतःच काढली. त्या गायिकाही आहेत. प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ पासून 'स्टोरीवीव्हर'वर चित्रकथा सर्वांना मोफत खुल्या केल्या, आणि तिथे कोरकूतल्या गोष्टीही आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले. कागदावर म्हटलेले वर्गात उतरायला मात्र सुतळी आणि पुठ्ठा घेऊन बसणारा माणूस लागतो.

सेमाडोहच्या मुलांची आपल्याला कीव येते. पण जरा आपल्याच घरात डोकवा. तीन वर्षांच्या नातवाला आपण इंग्रजी शाळेत घालतो. तिथे तो पहिले काही महिने गप्प बसतो. मग इंग्रजी बोलू लागतो, आणि एके दिवशी आजीची ओवी त्याला कळेनाशी होते. कोरकू मुलापुढे दोन ओळींचे पुस्तक ठेवणारे कोणीतरी निघाले. आपल्या नातवापुढे दुसरी ओळ कोण ठेवणार? शाळा ठेवणार नाही. ती घरानेच ठेवायची आहे. अंगाईची एक ओळ, भोंडल्याच्या गाण्याचे एक चित्र, वासुदेवाच्या टोपीतले मोरपीस आणि त्याखाली आजीच्या अक्षरात चार शब्द: एवढ्यानेही पुस्तक होते.

म्हणून यंदा यादीतली ती शेवटची ओळ वर घ्या, फराळाच्याही वर. दुकानात मनासारखे पुस्तक नाही मिळाले, तर सुट्टीत चार जाड कागद, रंग आणि सुई-दोरा घेऊन मुलांबरोबर बसा. पहिल्या पानावर घरात वाजणारी कोणतीही एक वस्तू काढा, देवघरातली घंटा चालेल, डब्याचे झाकणही चालेल. आणि 'ही कशी वाजते?' हे तुम्ही सांगू नका. मुलांना विचारा.