सहा दिशांना शुभेच्छा

निवासी शाळेत मुलांनी आपल्या हातांनी शुभेच्छापत्रे तयार करावीत, याविषयी सहसा कोणाचे दुमत नसते. भीमजयंती, बुद्ध पौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन, नववर्ष अशी निमित्ते वर्षभर येतच असतात. मतभेद होतो तो पुढच्या प्रश्नावर. ही पत्रे श्रद्धेने करावीत असे आपण मुलांना सांगतो, तेव्हा ती श्रद्धा नेमकी कोठे असते? वर चिकटविलेल्या बुद्धप्रतिमेत, आत लिहिलेल्या मंगल वचनात, की आणखी कोठे? आमचे मत असे की, ज्या माणसासाठी पत्र केले त्याच्याशी आपण कसे वागतो, यातच त्या पत्राची श्रद्धा असते. पत्र हे त्या वर्तनाचे केवळ एक पान आहे.

'श्रद्धा' हा शब्द आपल्या समाजात जपून वापरला जातो आणि ते योग्यच आहे. अंधश्रद्धेची किंमत आपल्या पूर्वजांनी पिढ्यानुपिढ्या मोजली आहे. परंतु पाली परंपरेतील 'सद्धा' वेगळी आहे. नागसेन स्थविरांनी मिलिंद राजाला तिचे लक्षण समजावून सांगताना गढूळ पाणी निवळविणाऱ्या रत्नाची उपमा दिली. श्रद्धा चित्त निवळविते. ती डोळे झाकावयास सांगत नाही. हाताने पत्र करणाऱ्या मुलाच्या बाबतीत हे पाहता येते. कागद दुमडताना, रंग निवडताना, "हे कोणासाठी? त्याला काय आवडेल?" असे त्याला स्वतःला विचारावे लागते. तेवढा वेळ मनातील गडबड खाली बसते आणि समोर एक माणूस स्पष्ट होतो.

येथे छापील शुभेच्छापत्राचा जन्म आठवावा. १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल या गृहस्थाला नाताळच्या दिवसांत इतक्या लोकांना स्वतंत्र पत्रे लिहिण्यास सवड नव्हती. त्याने जॉन कॉलकॉट हॉर्स्ली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतले, त्याच्या सुमारे १,००० प्रती छापल्या आणि उरलेल्या एका शिलिंगला एक याप्रमाणे विकावयास ठेवल्या. त्या चित्राच्या दोन्ही बाजूंस भुकेल्याला अन्न व उघड्याला वस्त्र देण्याची दृश्ये होती, म्हणजे हेतू वाईट मुळीच नव्हता. तरीही छापील शुभेच्छापत्र जन्मले ते वेळ वाचविण्यासाठी, हे ध्यानात घेतले पाहिजे. आज भ्रमणध्वनीवर एकच चित्र एका बोटाने दोनशे जणांकडे जाते, ही त्याच वाटेची पुढची पायरी होय. हाताने केलेले पत्र याच्या उलट दिशेने चालते. त्यात वाचविलेला नव्हे, दिलेला वेळ असतो.

पण कोणाला दिलेला? या प्रश्नाचे उत्तर आपल्या मातीतच सापडले आहे. सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा एक तुकडा १९५६ साली सोपाऱ्याच्या परिसरात मिळाला. बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली तेच हे वर्ष. या लेखाचा विषय मंगल हाच आहे. लोक आजारपणात, विवाहात, अपत्यजन्माच्या वेळी, प्रवासास निघताना नाना प्रकारची मंगलकार्ये करतात. त्यांचे फळ थोडे, असे अशोक सांगतो. मोठे फळ देणारे ते धम्ममंगल, आणि त्यात तो दास व नोकरांशी योग्य वागणूक, गुरुजनांचा आदर, प्राणिमात्रांविषयी संयम आणि श्रमण-ब्राह्मणांना दान यांची गणना करतो. सर्वांत आधी दास व नोकर, हे विशेष. शुभेच्छा म्हणजे मंगल चिंतणे असेल, तर आपल्या शुभेच्छापत्रांनाही हीच कसोटी लावली पाहिजे.

तथागतांनी राजगृहात सिगाल नावाच्या तरुणाला जो उपदेश केला, तोही याच वळणाचा आहे. सिगाल ओल्या वस्त्रांनी, ओल्या केसांनी सहा दिशांना नमस्कार करीत होता, कारण मृत्युसमयी पित्याने तसे सांगितले होते. तथागतांनी त्याची थट्टा केली नाही. त्यांनी दिशांचा अर्थ बदलला. पूर्व म्हणजे माता-पिता, दक्षिण म्हणजे आचार्य, पश्चिम म्हणजे पत्नी व मुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे सेवक व कामगार आणि वरची दिशा म्हणजे श्रमण-ब्राह्मण. या माणसांविषयीची कर्तव्ये पार पाडणे हीच दिशांची पूजा.

आमची सूचना अशी की, निवासी शाळेतील शुभेच्छापत्रांचा उपक्रम या सहा दिशांवर उभारावा. पश्चिम दिशा विद्यार्थ्यांना अद्याप दूर आहे. तिच्या जागी भावंडे धरावीत. बाकीच्या पाच दिशा प्रत्येक मुलाला आहेतच. 'आई-बाबांसाठी पत्र करा' एवढेच वर्गात सांगितले, तर ज्याचे आई-बाबा हयात नाहीत तो मुलगा कोरा कागद पुढे घेऊन बसून राहतो. निवासी शाळेत असा मुलगा किंवा मुलगी नसेल, असा वर्ग विरळा. सहा दिशांपैकी कोणतीही निवडण्याची मोकळीक दिली, की तोच मुलगा मान वर करतो. आपल्यालाही कोणीतरी आहे, हे त्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

ज्यांचे आई-वडील ऊसतोडीला जातात त्या मुलांचा प्रश्न निराळा. दसरा-दिवाळीच्या सुमारास गेलेले पालक उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मधल्या काळात त्यांचे घर म्हणजे कारखान्याच्या परिसरातील कोपी, आणि तिला पोस्टाचा पत्ता नसतो. या मुलांची पत्रे शाळेने जपून ठेवावीत आणि सुटीत त्यांच्याबरोबर घरी द्यावीत. ज्या आईला अक्षरओळख नाही, तिच्यासाठी शब्दांचा आग्रह धरू नये. मुलाने कागदावर आपला तळहात ठेवून त्याची रेघ काढावी आणि दरवर्षी तसेच करावे. मागच्या वर्षीच्या हातावर या वर्षीचा हात ठेवून पाहिला, की लेकरू किती वाढले हे त्या माउलीला कोणी वाचून दाखवावे लागत नाही.

आता खालच्या दिशेविषयी थोडे स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. भोजनगृहात पहाटे पिठाच्या परातीपुढे बसणाऱ्या मावशी, रात्री फाटकाशी जागणारे काका, स्वच्छतागृहे धुणारे कर्मचारी यांना मुलांनी पत्र दिले म्हणजे सर्वांना भरून येते, छायाचित्रे निघतात. ते अवश्य व्हावे. परंतु सिगालाला या दिशेची जी पाच कर्तव्ये सांगितली, त्यांत शक्ती पाहून काम देणे, अन्न व वेतन देणे, आजारपणात शुश्रूषा करणे, विशेष पदार्थ वाटून घेणे आणि वेळेवर सुटी देणे यांचा समावेश आहे. ही पाच कर्तव्ये मुलांची नव्हेत, आम्हां मोठ्यांची आहेत. ज्या संस्थेत पगार रखडतो तेथे मुलाच्या हातून मावशींना रंगीत पत्र देवविणे, हे सिगालाने ओल्या वस्त्रांनी केलेल्या नमस्काराहून निराळे नाही. मुलांनी पत्र करावे आणि त्या पत्राला लाज वाटणार नाही असे मोठ्यांनी वागावे, तेव्हाच ते धम्ममंगल होते.

पत्र करावे कसे, याविषयीही आमची काही मते आहेत. साहित्य साधे असावे. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू, जुन्या दिनदर्शिकांची पाने, वह्यांची पुठ्ठ्याची वेष्टने आणि पिठाची खळ एवढ्यावर सुंदर पत्रे होतात. चमकी व थर्माकोल टाळावे. मंगल चिंतून मातीत कचरा टाकणे बरे नव्हे. पिंपळाचे पान काही आठवडे पाण्यात भिजत ठेवून, अधूनमधून पाणी बदलून, त्याचा कुजलेला गर जुन्या दातघासणीने हलकेच काढला आणि पान वहीत दाबून वाळविले, की नाजूक जाळी उरते. ती चिकटविलेल्या पत्राला दुसरे अलंकरण लागत नाही. घाई केली तर पान फाटते, हा धडाही त्यासोबत मिळतो. वृत्तपत्रातून कापलेली बुद्धप्रतिमा प्रत्येक पत्रावर असलीच पाहिजे असे नाही. सांची येथील प्राचीन शिल्पकारांनी तथागतांना बोधिवृक्ष, धम्मचक्र आणि रिकामे आसन यांतून दाखविले. आपल्या मुलांनाही एक पान किंवा एक चक्र पुरेसे आहे.

शुभेच्छापत्रांची स्पर्धा मात्र घेऊ नये. क्रमांक आले की मूल परीक्षकासाठी पत्र करू लागते आणि ज्याच्यासाठी करावयाचे तो माणूस बाजूला राहतो. दात्याचे चित्त दानापूर्वी आनंदी, देताना प्रसन्न आणि दिल्यानंतर समाधानी असावे, असे तथागतांनी सांगितले आहे. चौथा क्रमांक आलेल्या मुलाचे हे तिन्ही आनंद आपण हिरावून घेतो. वाकड्या रेघेचे पत्र आजीच्या पेटीत जपले जाते. तिने कधी गुण दिलेले नाहीत.

अभ्यासाचा वेळ जातो, ही पालकांची व शिक्षकांची शंका रास्त आहे. म्हणून वेळ आधीच ठरवावा. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतच्या वर्षावासात दर रविवारी एक तास दिला, तर धम्मचक्र प्रवर्तन दिनापर्यंत सहाही दिशांची पत्रे सहज होतात. बुद्ध पौर्णिमा सहसा सुटीतच येते; तिची पत्रे वार्षिक परीक्षेनंतर करून मुलांनी ती सामानासोबत घरी न्यावीत. एका तासात मुलाचे हस्ताक्षर सुधारते, मातृभाषेत दोन नेमकी वाक्ये लिहिण्याची सवय लागते, हे लाभ आहेतच. पण ते दुय्यम. मुख्य लाभ असा की, आपल्या सुखामागे किती हात आहेत हे मूल एकेक नाव लिहून मोजू लागते. ही मोजणी ज्याला बालपणी आली, त्याच्या हाताखाली उद्या माणसे काम करतील तेव्हा त्यांचे वेतन रखडणार नाही, असा आमचा विश्वास आहे. श्रद्धा म्हणतात ती हीच.